दोन सुरांची शीळ

डॉक्टरांनी ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली, त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "त्याआधी एकदा मनोऱ्यावर जायचंय. पायी."

"आता रोपवे आहे की! तुला घराचा जिना चढवत नाही."

"म्हणून तर तुला विचारतेय. नाहीतर एकटीच गेले असते."

टेकडीवरचा तो घड्याळाचा मनोरा बघायला कुठून कुठून माणसं येतात. त्या घड्याळाला दर रविवारी चावी द्यायचं काम आमच्या बाबांचं होतं. तेव्हा रोपवे नव्हता, नुसती पायऱ्यांची वाट. आम्ही दोघं भावंडं त्यांच्या मागे असायचो. बाबांची चाल झपाझप. ते पुढे जाऊन वळणावर थांबायचे आणि शीळ घालायचे. ताईसाठी दोन सूर, माझ्यासाठी तीन. माझी शीळ आल्याशिवाय मी जागचा हलायचो नाही, इतका हट्टी होतो.

बाबांना जाऊन एकतीस वर्षं झाली. मी जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालोय. उतार, अंतर, उंची एवढ्यांवर माझा भरवसा. बाकी भानगडींत मी पडत नाही.

सकाळी नऊला आम्ही पायथ्याशी गाडी लावली. रोपवेच्या दारातला रखवालदार हसला. "काका, सात मिनिटांत वर पोचाल. कशाला हाडं खिळखिळी करून घेताय?"

"सात मिनिटांत आमच्या गप्पा कुठे व्हायच्या?" ताई म्हणाली.

वाटेवर शेवाळ माजलं होतं. कठडा गंजला होता. डोक्यावरून रोपवेचे डबे सरकत होते आणि त्यांतून पोरांचा कलकलाट खाली सांडत होता. पहिल्या वळणावर आम्ही दगडी बाकावर टेकलो. मी भरकटू नये म्हणून ताईने एकदा इथेच आपल्या रिबिनीने माझं मनगट स्वतःच्या मनगटाला बांधलं होतं. "आणि तू वरपर्यंत भोकाड पसरलं होतंस," ती म्हणाली. आम्ही दोघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

दुसऱ्या वळणानंतर झाडी दाटली. डब्यांचा आवाज थांबला. कुठे पानही सळसळत नव्हतं. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं, की ताईने कठडा सोडलाय. चढ चांगलाच उभा होता. मला धाप लागली होती, तिला नाही.

"गुडघा कसा आहे?"

"कुठला?" मागे न बघता ती म्हणाली.

तेवढ्यात वरून शीळ आली. दोन सूर.

"पक्षी असेल," मी म्हणालो.

ताईचा चेहरा उजळला होता, नव्या फ्रॉकचं कौतुक झाल्यावर उजळायचा तसा. पुन्हा दोन सूर, या वेळी जवळून. आणि मला, साठी उलटलेल्या माणसाला, रडू आलं. भीतीने नव्हे. माझी शीळ का येत नाही, म्हणून.

मी तिथेच उभा राहिलो. तीन सुरांची वाट बघत.

ताई दोन-दोन पायऱ्या चढत होती.

"ताई, थांब."

"अरे, ते थांबलेत तिकडे!"

ती वळणाआड गेली.

मी धावायला गेलो, पण पाय उचलेनात. हाक मारली, तर आवाज फुटेना. शेवटी कोरडे ओठ चाटले आणि मीच शीळ घातली. दोन सूर. तिच्यासाठी.

वर सगळं चिडीचूप.

पुन्हा घातली.

बऱ्याच वेळाने ताई वळणावर दिसली. दोन्ही हातांनी कठडा धरून, पाय ओढत, एकेक पायरी उतरत होती. गुडघा सुजला होता. "चल घरी," एवढंच म्हणाली. आधार देत मी तिला खाली आणलं.

मी तिला गाडीत बसवलं, शेजारी बसून पाणी दिलं. अर्धी बाटली संपवून ती म्हणाली, "बाबांनी विचारलं, धाकटा आलाय का."

गाडीची चावी माझ्या हातातच राहिली. "मग?"

"मी म्हटलं, नाही. एकटीच आलेय."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, तर मग खालून शीळ कोण घालतंय?"

"तू काय सांगितलंस?"

ताईने आधी आपल्या बाजूची काच वर केली. मग माझ्यावरून हात लांबवून माझ्या बाजूचीही.