कडेच्या खोलीतून आलेली ओ

बसा. पण आवाज जरा बेतानं ठेवा. ती आत अभ्यास करतेय, आणि तिचे कान फार तिखट आहेत.

परदेशी सुट्टीला जायचं ठरलं तेव्हा राहायची सोय बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोन वयात आलेली पोरं घेऊन हॉटेलात राहणं म्हणजे डोक्याला ताप. एकाला थंडी वाजते, दुसरीला उकडतं, आणि बाथरूमवरून रोज रणकंदन. म्हणून भाड्याचं घर घ्यायचं ठरलं. माझ्या धाकट्या बहिणीला कळलं तसा तिचा लगेच फोन.

"ताई, शोधत कशाला बसतेस? आम्ही गेल्या वर्षी राहिलो तेच घर घे. शहराच्या अगदी मधोमध. मीच बोलून ठेवते त्यांच्याशी."

मी म्हटलं, देव पावला. माझ्या पाठची बहीण ती. तिच्या शब्दावर मी डोळे मिटून विहिरीत उडी मारली असती. मारलीच म्हणा.

"आणि कडेची छोटी खोली मिरचीला दे हं," ती म्हणाली. "आमच्या तोफेलाही तीच दिली होती."

मिरची म्हणजे माझी लेक, वय पंधरा, नाकाच्या शेंड्यावर राग. तोफ म्हणजे बहिणीची लेक. ती बोलायला लागली की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. पण त्या सहलीहून आल्यापासून तोफ पार बदलली होती. सांगाल ते काम करायची, उलट उत्तर नाही, कपड्यांच्या घड्या जागच्या जागी. सगळे नातेवाईक कौतुक करायचे, काय वळण लागलं पोरीला! मला तर सरळ हेवा वाटायचा.

घर चांगलं होतं. जुनी दगडी इमारत, जाळीच्या दाराची कुरकुरणारी लिफ्ट, तिसऱ्या मजल्यावर लांबलचक बोळ आणि बोळाला लागून खोल्या. शेवटी डाव्या हाताला ती कडेची खोली. आत एक पलंग, एक आरसा, अंगणाकडे उघडणारी बारीकशी खिडकी. स्वच्छ होती, पण ओला टॉवेल घडी घालून कपाटात ठेवला की येतो ना, तसा वास होता. किल्ली द्यायला आलेल्या बाईनं सगळं दाखवलं, आणि कडेच्या खोलीत कोण झोपणार असं विचारलं. मिरचीनं हात वर केला. बाई तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग किल्ली माझ्या हातात ठेवून निघून गेली.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. आमच्याकडे कुणी उठून कुणाला बघायला जात नाही. स्वयंपाकघरातून हाक मारायची, आतून ओ आली की झालं. त्यात गेल्या वर्षी मिरचीनं दोन दिवस अबोला धरून करार करून घेतला होता की बंद दार तिनं 'ये' म्हटल्याशिवाय कुणी उघडायचं नाही. मी तो पाळत होते. शब्द दिला म्हणजे दिला.

पहिल्या दिवशी तिनं घर डोक्यावर घेतलं. इंटरनेट हळू आहे, संग्रहालयं कंटाळवाणी आहेत, भाऊ घोरतो ते भिंतीतून ऐकू येतं. दुसऱ्या सकाळी मी चहा ठेवता ठेवता हाक मारली, "मिरचे, उठलीस का गं?"

"हो आई. आवरतेच आहे."

इतकं गोड! मी ह्यांना म्हटलं, "ऐकलंत का? हवा मानवली पोरीला." हे हसले. त्यानंतर रोज तसंच. हाक मारावी, गोड ओ यावी. बाहेर आली की मात्र तोंड फुगलेलं. मला वाटलं, वय आहे, चालायचंच.

मग एका दुपारी मी एकटीच बाजारातून परत आले. दोन्ही हातांत पिशव्या. कशीबशी किल्ली फिरवून दार पायानं लोटलं आणि सवयीनं विचारलं, "मिरचे, आहेस का घरात?"

"हो आई. पसारा आवरतेय."

मी बटाटे काढून टोपलीत ठेवले. तेवढ्यात बेल वाजली. दारात मिरची. शेजारी तिचा दादा, दोघांच्या हातात वितळलेलं आइस्क्रीम.

"तू... तू आत होतीस ना आत्ता?"

"मी? आम्ही दोन तास नदीवर होतो."

करार गेला खड्ड्यात. मी जाऊन दार उघडलं. खोली रिकामी. पलंगपोसावर एक सुरकुती नाही. तो ओला वास तेवढा वाढला होता. मिरची माझ्या मागे उभी होती. ती ओरडली नाही, भांडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"आई, मला नको ही खोली," ती हळूच म्हणाली. "रोज माझ्या आधी कुणीतरी तुला ओ देतं. मी पण देते गं... पण तुला माझी ऐकूच येत नाही."

मी तिला पोटाशी धरलं. मग बाल्कनीत जाऊन बहिणीला फोन लावला. दुसऱ्या कुणाला लावणार होते? तीच त्या घरात राहिलेली. सगळं सांगितलं.

"जुनी घरं असतात ताई, आवाज घुमतात. शेजारच्यांचा असेल."

"आपल्या भाषेत?"

"...खोली नको बदलूस. पोरीच्या मनात उगाच भीती बसेल. दोनच दिवस तर राहिलेत. माझं ऐक."

मागून तोफेचा आवाज आला, "आई, मावशीला माझा नमस्कार सांग हं." आणि माझी बहीण हुंदका गिळावा तशी थांबली. मला वाटलं, माझ्या काळजीनं तिचा जीव कासावीस झाला. केवढी वेडी मी! मी तिचं ऐकलं. मिरचीला समजावलं, दटावलं, आणि त्याच खोलीत झोपायला लावलं.

निघायच्या दिवशी भर दुपार होती. टॅक्सी खाली उभी. हे आणि दादा सामान घेऊन उतरले होते. मी बोळातून हाक मारली, "मिरचे, चल गं!"

"आले आई."

ती आली. केस विंचरलेले, बुटाच्या नाड्या नीट बांधलेल्या. माझ्या खांद्यावरची बॅग तिनं आपणहून घेतली. मला बरं वाटलं हो! किल्ली बाईच्या हातात दिली, आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्ट हलली आणि वरून दार बडवल्याचा आवाज आला. धाडधाड.

"आई! आई, थांब ना! अगं मी इथे आहे!"

मी बाजूला बघितलं. मिरची माझ्याशेजारी उभी होती, शांत, माझा हात धरून. खाली पोचल्यावर मी तो हात झटकला आणि जिन्यानं धावत वर गेले. छातीचा भाता झाला. बाईनं दार उघडलं. कडेची खोली रिकामी होती. खिडकी बंद. मी पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, भिंतींना कान लावला. काही नाही. कुणी तरी माझ्या कोपराला हळूच धरलं.

"आई, विमान चुकेल."

आणि मी आले तिच्याबरोबर. काय करणार होते? पोर माझ्या डोळ्यांसमोर उभी होती.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी बहिणीचा फोन. ती रडत होती आणि हसतही होती. मागे कुठेतरी दार आपटलं, इतक्या जोरात की मला इथे दचकायला झालं. "मला कुणी उठवायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!" तोफच. जुनी तोफ.

"ताई, आली गं... माझी आली."

"कोण आली?"

तिकडून पुन्हा तोफेची आरडाओरड ऐकू आली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "मी विचारलं तेव्हाही तुला सगळं माहीत होतं."

"वर्षभर मी त्या दुसरीला जेवू घातलं, ताई. माझी तिकडे ओरडत होती. मी आई आहे गं."

"आणि मी कोण?"

तिनं फोन ठेवला. ज्या बहिणीला मी कडेवर घेऊन फिरले, तिनं आपल्या लेकीच्या बदल्यात माझी लेक मोजून मापून दिली. परका असता तर शिव्या घातल्या असत्या, शाप दिले असते. सख्ख्या बहिणीला काय द्यायचं, सांगा ना.

मी तशीच बसून राहिले. मग ती पाण्याचा पेला घेऊन आली. पेल्याखाली बशी, बशीखाली हात. माझ्या मिरचीचेच डोळे, तिचीच हनुवटीवरची खूण.

"मावशीचा फोन होता?" तिनं विचारलं. "तिच्याकडे असतानाच मी तुला त्या खोलीतून ओ देत होते. चांगली होती मावशी. पण नंतर नंतर माझ्याशी बोलायचीच नाही. जेवायला वाढायची, आणि तोंड फिरवून रडायची."

ती माझ्या पायाशी बसली, डोकं माझ्या गुडघ्यावर ठेवलं. डोकं गार होतं.

"मी सगळं ऐकेन तुझं," ती म्हणाली. "पण तू तरी मला परत पाठवू नकोस हं, आई. दर वेळी पाठवतात."