कशेळीला थांबलेली गाडी

शैलाने पाणी प्यायलं नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून ती नुसती बसून राहिली.

धम्मदिनाने घाई केली नाही. भिवंडीत खाजगी तपास करणाऱ्या या बाईकडे येणारी माणसं बहुधा पोलिसांनी टोलवलेली असत. अशी माणसं आधी गप्प बसतात आणि मग एकदम बोलतात.

"ताई, माझा मिलिंद कोठडीत आहे," शैला म्हणाली. "काल लोकांनी गॅरेजचं शटर तोडलं. मिलिंदने माणूस मारला म्हणतात. त्याने फक्त गाडी दुरुस्त केली होती."

अंजूरचे चांगदेव पाटील यांची पांढरी गाडी वीस-बावीस वर्षं जुनी होती. इंजिन गरम होतं म्हणून ती मिलिंदकडे आली. त्याने दुरुस्त करून परत पाठवली. दुसऱ्याच दिवशी दुपारी चांगदेवांच्या छातीत कळ आली. थोरला मुलगा देवेश त्यांना त्याच गाडीतून ठाण्याला न्यायला निघाला. कशेळीजवळ इंजिन उकळून गाडी बंद पडली आणि म्हाताऱ्याने मागच्या सीटवरच प्राण सोडला. पोलिसांना रेडिएटरच्या तळाची तोटी सैल मिळाली. मिलिंद ती घट्ट करायला विसरला, असा निष्कर्ष काढून फौजदार मोकळे झाले होते.

"विसरला असेल का?" धम्मदिनाने विचारलं.

"तो घरातलं सगळं विसरतो, ताई. कामातलं नाही."

बायको नवऱ्याबद्दल असं बोलणारच, असं अनंताला वाटलं. अनंता म्हणजे धम्मदिनाचा मदतनीस. पूर्वी लूमवर मुकादम होता. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागायचा.

पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी धूळ खात उभी होती. बरीच वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासलेल्या धम्मदिनाने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि ती सरळ गाडीखाली शिरली. फौजदारांनी तोंड फिरवलं.

"अनंतदादा, टॉर्च."

सैल तोटीखालच्या लोखंडी पट्टीवर रेडिएटरमधल्या कूलंटचा हिरवा ओघळ सुकला होता. सरळ, उभा, बोटभर रुंद. त्याच्या मागे इंजिनाच्या तळाला जुनी कोरडी माती जशीच्या तशी होती.

बाहेर येऊन तिने रेडिएटरचं झाकण उघडलं. वरच्या टाकीत हळदीचे गोळे चिकटले होते. ओलसर, जाडेभरडे, मध्ये बारीक काड्या.

"हळद?" अनंता चकित झाला.

"रेडिएटर गळत असला की ड्रायव्हर लोक हळद टाकतात. पाण्याबरोबर फिरून ती बारीक भोकात बसते. भिवंडीच्या रस्त्यावर हे कुणालाही माहीत असतं." तिने इंजिनाकडे जाणारा वरचा पाइप सोडवला आणि आत बोट फिरवलं. बोटाला नुसतं हिरवं पाणी लागलं.

कोठडीत मिलिंद भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटलेला होता. तो कुणी फोडला हे धम्मदिनाने विचारलं नाही. फौजदार शेजारीच उभे होते.

"पाइप बदलला, कूलंट भरलं, तोटी आवळली," तो म्हणाला. "मग गाडी चालू ठेवून तापमानाचा काटा बघितला. मध्यावर स्थिर होता. न्यायला भाविक आला होता, धाकटा मुलगा. ताई, शैलाला सांगा, इथे येऊ नको."

अंजूरला चांगदेवांचं घर खाडीच्या बाजूला होतं. पलीकडे शेत आणि शेताच्या तिन्ही बाजूंना गोदामांचे पत्रे. चांगदेवांची बायको कमळा ओटीवर बसली होती. तिचं कपाळ मोकळं होतं.

"काय सांगू बाय," ती म्हणाली. "कळ आली तशी देवेस धावत आत गेला, चावी आणायला. मी यांना कापडं घातली. भाविकने खारबावाहून फोन केला, बोलला ॲम्ब्युलन्स बोलव. देवेस बोलला, कशाला, गाडी तयार हाय. मी पण बसते बोलली तर बोलला, तू भाविकबरोबर ये, मागं त्यांना झोपू दे."

"मग?"

"मग काय. मी रांधणीत गेली तर हळदीचा डबा अर्धा सांडलेला. घरची हळद, हातानं कांडलेली. थोरल्या सुनेला, ऋतिकाला, वाटेल तसं बोलली. ती बोलते, मी न्हाय हात लावला." कमळाचा आवाज चिरकला. "यांचा जीव जात व्हता आन मी हळदीवरून भांडत व्हती."

धम्मदिना थोडा वेळ तिच्याजवळ बसली. मग तिने त्या डब्यातली चिमूटभर हळद कागदात मागून घेतली. इथेही बाईला मसाल्याचं सुचतंय, असं अनंताच्या मनात आलं.

भाविक अंगणात उभा होता.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ बोला," तो म्हणाला. "गाडी मीच आणली. आदल्या संध्याकाळी बाबांशी भांडलोही मीच. गोदामवाले जमीन मागत होते, बाबा सही करत नव्हते. देवेशने एका पार्टीला शब्द देऊन ठेवलेला, पण तो बाबांपुढे कधी तोंड उघडत नसे. बोलायचो मी, शिव्या खायचो मी."

"तुम्ही कशेळीला केव्हा पोचलात?"

"सगळं संपल्यावर. ॲम्ब्युलन्सवाला पण गाडी शोधत होता. हमरस्त्यावर न्हवतीच ती. गोदामांच्या मागं, आतल्या गल्लीत होती."

देवेश मात्र मवाळ होता. त्याने पाहुण्यांना स्वतः पाणी आणून दिलं. हात गोरे, नितळ, एका बोटात अंगठी.

"ट्रॅफिक होतं म्हणून आतून घेतली, मॅडम. काटा लाल झाला, वाफ यायला लागली. कापड शोधायला वेळ कुठे होता? तसंच झाकण फिरवलं, बाटलीतलं पाणी ओतलं. खाली गळत होतं, म्हणून टपरीवरून हळदीची पुडी आणून टाकली. पुन्हा चालू करून थोडा पुढे गेलो, तर परत उकळली आणि बसलीच. त्या मेकॅनिकने माझा बाप नेला."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अनंताला त्याची दया आली. दया यायला काय, ती कुणाचीही येते.

संध्याकाळी धम्मदिनाने फौजदारांना अंजूरला बोलावून घेतलं. ओटीवर सगळे जमले. शैला पायरीशी उभी राहिली, तिला कुणी बस म्हटलं नाही.

"ही गाडी उकळलीच नाही," धम्मदिना म्हणाली.

फौजदार हसले. "तोटी सैल होती, मॅडम. पंचनाम्यात आहे."

"होती. पण चालत्या गाडीत ती गळली असती, तर वाऱ्याने पाणी मागे फेकलं असतं. इंजिनाचा तळ माखला असता. तिथे कोरडी माती आहे आणि ओघळ सरळ खाली उतरलाय. म्हणजे तोटी उघडली तेव्हा गाडी उभी होती."

"मग रात्री अंगणात भाविकने…" अनंताने तोंड घातलं.

"अंगणात उघडली असती, तर रिकाम्या रेडिएटरने गाडी अंजूरच्या बाहेरही धड पडली नसती, अनंतदादा. आणि कशेळीला भाविक नव्हता."

देवेश शांतपणे म्हणाला, "मी हळद टाकून पुन्हा गाडी चालवली. उगाच?"

"तिथेच चुकलात. अति तिथे माती. हळद टाकून इंजिन चालू केलं असतं, तर ती पाण्याबरोबर सगळीकडे फिरली असती. पाइपात एक कण नाही. वरच्या टाकीत गोळे तसेच पडलेत. हळद पडल्यावर ते इंजिन एकदाही सुरू झालेलं नाही."

तिने दोन कागद उलगडले. "ही रेडिएटरमधली. ही कमळाताईंच्या डब्यातली. दोन्ही जाडीभरडी, दोन्हींत काड्या. टपरीवरची पुडी पिठासारखी असते. गाडी अजून अंगणात उभी होती, देवेश. गळती सुरूही झाली नव्हती. तेव्हाच गळतीचं औषध तुमच्या खिशात कसं आलं? चावी आणायला आत गेलात, तेव्हा हे ठरलं होतं."

ऋतिका दाराआडून बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"आणि हात दाखवा. उकळत्या रेडिएटरचं झाकण कापडाशिवाय फिरवलं की कातडी सोलून निघते. तुमच्या हाताला साधा फोडही नाही. तुम्ही चांगल्या गाडीला गल्लीत नेऊन थांबवलंत, बॉनेट उघडलं, तोटी सोडली आणि वाट बघितली. ॲम्ब्युलन्सला फोन केलात तो नंतर. बाबा सही करणार नव्हते आणि तुम्ही शब्द देऊन बसला होतात. मेकॅनिक आयता मिळाला."

देवेशने हात पाठीमागे नेले. फौजदारांनी ते पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

मग कमळाने विचारलं, "ते शुद्धीत व्हते?"

देवेश एक पाऊल मागे सरकला.

"देवेस, मी इचारते. शुद्धीत व्हते का?"

"व्हते."

"काय बोलले?"

देवेशने खाली बसून तोंड झाकलं. पुढचे शब्द बोटांआडून आले. "बोलले, बॉनेटपाशी नको उभा राहू. ऊन लय हाय. सावलीला जा."

कमळाने डोळे मिटले. तिच्या तोंडून हुंदका आला नाही, हे अनंताला सगळ्यांत भयंकर वाटलं. थोड्या वेळाने ती खांबाला धरून उठली आणि फौजदारांसमोर उभी राहिली.

"त्या मिलिंदवरच्या तक्रारीखाली सही माझी हाय. या पोरीच्या नवऱ्याला आज घरी सोडा. आन दुसरा कागद काढा."

"कुणाविरुद्ध, आजी?" फौजदारांना माहीत होतं, तरी नियमाप्रमाणे विचारावं लागलं.

भाविक पुढे झाला. तिने त्याला हाताने अडवलं.

"लिहा," ती म्हणाली. "नाव देवेश. बापाचं नाव चांगदेव."

फौजदारांनी लिहायला घेतलं.