शिक्षा न सांगितलेला वना

१९८७ साली मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात कारकून होतो. खटल्यांना पुढच्या तारखा लावणं माझ्याकडे. लोक जज्जसाहेबांपेक्षा मलाच जास्त वचकून असायचे आणि मला ते आवडायचं.

वना नावाच्या सालदार गड्याने मारामारीत एकाचा हात मोडला होता. साहेबांनी त्याला दोषी धरलं. शिक्षा पुढच्या तारखेला सांगू म्हणाले. दीड वर्ष तो तुरुंगात होताच. तेवढ्यावर सुटणार, हे पट्टेवाल्या पितांबरलाही ठाऊक होतं. पण एका तारखेला त्याला आणणारे पोलीस बंदोबस्तात अडकलेले, दुसऱ्या तारखेला साहेब रजेवर. तिसरी तारीख मीच महिनाभर लांबवली, कारण मला मेव्हण्याकडे हुरड्याला जायचं होतं. त्या महिन्यात वना तुरुंगात काविळीने मेला.

तारखेला त्याची आई धुरपदाबाई आली. मी चाचरत म्हणालो, "अक्का, वना तर..."

"मालूम शे, भाऊसाहेब. आम्हीच त्याले जाळा. पन तो रोज दारमा येस. मी मझार, घरमा ये म्हनं का तो म्हनस, शिक्षा सांगी नही आजून, घरमा कसा येऊ?"

पोराच्या दुःखाने बाईचं डोकं फिरलंय, असं मी धरलं. पण ती बाकावरून हलेना. कोर्टातून माणूस घालवायचा तर तारीख द्यावी, ही आमची रीत. मी तेरा तारीख दिली. ती लगेच उठली.

तेराला पितांबरने सवयीने तीनदा पुकारा केला. तिसऱ्या पुकाऱ्याला धुरपदाबाई बाकावर सरकली आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.

साहेबांनी फाईल चाळली. "आरोपी मयत. प्रकरण बंद." अर्धं मिनिट लागलं.

"शिक्षा किती?" तिने मला विचारलं.

"मेलेल्याला शिक्षा नसते, अक्का."

"मंग त्यानी घर येवानंच नही?"

मला लाज वाटली.

तिने रिकाम्या जागेवरून हात फिरवला. "बस, वना. भाऊसाहेब सांगतीन," म्हणाली आणि एकटीच एसटीला गेली.

साडेपाचला मी कपाट बंद केलं. पितांबर कुलूप घेऊन आला आणि दारातच थांबला.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "तुमना तो मानूस आजून बाकवर बसेल शे."