चन्नवीरचा टॅग

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे माझ्या सख्ख्या चुलतभावाबरोबर घडलंय. आणि आमचा भारत भुताखेतांना मानणाऱ्यांतला नाही.

मागच्या मे महिन्यातला मंगळवार. सोलापूर, होटगी रोड. दुपारचे पावणेचार.

हो, भर दुपारी. भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?

भारतचं ऑफिस सॉफ्टवेअरचं. सांगोल्याकडं कुठल्या वस्तीवर पाण्याचा टँकर कधी जायचा, ते टँकरवाल्यांना मोबाईलवर दाखवणारं ॲप ते लोक बनवतात. नवी आवृत्ती निघाली की तिला टॅग लावायचा. मेंढराच्या कानाला खूण करतात तसा. टॅगवर आवृत्तीचा नंबर, तपासणाऱ्याचं नाव आणि त्यानं लिहिलेली एक ओळ.

हे काम अक्कलकोटच्या चन्नवीरचं. भारी नेमाचा माणूस. ॲपमधली एकेक वस्ती तपासायचा, टेबलावर बोटानं दोनदा टकटक करायचा, मगच टॅग लावायचा.

मार्चमधल्या एका शनिवारी भारतला गावाकडं यायची घाई झाली. चन्नवीर जेवायला गेलेला, त्याचा कॉम्प्युटर उघडाच. भारतनं काही न तपासता तिथूनच टॅग ठोकून दिला. ३.७.१. ओळ लिहिली, 'सगळं तपासलं.' नाव आपोआप चन्नवीरचं लागलं.

त्या आवृत्तीत एक वस्ती गळाली. चार दिवस तिथं टँकर आला नाही. मेंढरं मेली.

ती वस्ती आमचीच.

ऑफिसच्या मालकीण पूनम मॅडम. त्यांनी टॅगवरचं नाव सगळ्यांसमोर वाचलं. चन्नवीर रडवेला झाला.

"मी नाही लावला हो मॅडम. भारत, तू तरी सांग की."

भारत स्क्रीनकडं बघत राहिला.

चोर सोडून संन्याशाला सुळी. चन्नवीरची नोकरी गेली. त्या रविवारी भारत घरी आला, तेव्हा त्याची आई, म्हणजे माझी राजाबाई चुलती, कोकरं पुरून नुकतीच आली होती.

"कुणी केलं रं हे?"

"चन्नवीर म्हणून हाय एक."

स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं त्यानं. जनाची नाही तर मनाची तरी वाटायला हवी होती.

"त्याचं वाटोळं हुईल!" चुलती म्हणाली.

तीन आठवड्यांनी कुंभारीच्या पुढं चन्नवीरच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. जागच्या जागी गेला.

तर तो मंगळवार.

माणसांचा भरवसा नाही, आता नंबर मशीनलाच काढू दे, असं मॅडमनी सांगितलं होतं. भारतनं तशी सोय केली. मशीन शेवटचा टॅग शोधणार, त्यानंतर कोडात किती बदल झाले ते मोजणार आणि नंबर स्वतः काढणार. त्यानं नवा ४.० चा टॅग लावला, या वेळी स्वतःच्या नावानं. मशीन चालू केलं.

स्क्रीनवर आलं...

३.७.१ नंतर ४६ बदल.

४.० चा टॅग नव्हताच.

लावायला विसरलो असेन म्हणून त्यानं पुन्हा लावला. बाकीचे सगळे खाली चहाला गेले होते. एसीचा आवाज थांबला...

टक... टक.

चन्नवीरच्या टेबलावरून. तिथं तेव्हापासून कुणीच बसत नव्हतं.

४.० पुन्हा गायब.

भारतनं ३.७.१ चाच टॅग पुसून टाकला. पुसला गेला, असं स्क्रीनवर दिसलंसुद्धा. परत मशीन चालवलं.

३.७.१ नंतर ४६ बदल.

टॅग होता तिथंच. चन्नवीरच्या नावानं. फक्त खालची ओळ बदलली होती...

'भारत, तू तरी सांग की.'

"आला का रे नंबर?" दारात पूनम मॅडम उभ्या होत्या.

सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं.

"आला, मॅडम," भारत म्हणाला आणि त्यानं स्क्रीन बंद केली.

हे सगळं त्यानं मला परवा दुपारी वस्तीवर जेवताना सांगितलं. टँकरवाल्यांच्या मोबाईलवर आजही खाली ३.७.१ च दिसतो. पुढचा बदलांचा आकडा तेवढा वाढत जातो.

"कालपतोर दोनशे बारा झालं," तो म्हणाला. "स्वतःचीच लाज वाटती रं. घास उतरत न्हाय."

"मग चुलतीला तरी सांग की. अजून चन्नवीरला शिव्या घालती ती."

त्यानं भाकरी कुस्करायला घेतली.

टक... टक.

दाराच्या फळीवर. आमच्या दोघांचेही हात ताटात होते.

चुलीपुढून चुलतीनं विचारलं, "कोण हाय रं दारात?"

मी भारतकडं बघितलं.

"कुणी न्हाय, आई."

आणि मीसुद्धा गप्प बसलो.