वाटेत आहे

हेमांगी गेल्याचं कळलं तो शुक्रवार होता. ती गेली होती सोमवारी.

मधल्या दिवसांत मोरेश्वर पागधरेने नियंत्रकाच्या पडद्यावर होडीने बाहेर गेलेल्या बायकोचं नाव रोज पाहिलं होतं. सोमवारी नावापुढे आकडा होता सहा, मंगळवारी चौदा, गुरुवारी एक्केचाळीस. "बाई निघाली कुठे, अरबस्तानात?" असं तो शेजाऱ्याला हसून म्हणालाही होता. शुक्रवारी शेवाळ कापणाऱ्यांना तिची होडी उलटलेली सापडली, आणि जवळच ती.

किनाऱ्यापासून साठ मैलांवर, शेवाळाच्या तराफ्यांवर ही माणसं राहत. तिथे मोबाइलचा मनोरा उभा राहत नाही. म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर हाळीपट्टी असे. ती दर दहा सेकंदांनी जवळच्या पट्ट्यांना हाळी देई, 'मी आहे', आणि निरोप एकीकडून दुसरीकडे पोचवी. हे सगळं जाळं सांभाळणारा नियंत्रक मोरेश्वरच्या ताब्यात होता.

आठवड्याने जाळ्याच्या शास्त्रज्ञ डॉ. मृणाल केळुसकर किनाऱ्यावरून आल्या.

"काका, हा आकडा म्हणजे मैल नव्हेत. निरोप किती जणांच्या हातून जाईल, ते टप्पे. पट्टीला नकाशा ठाऊक नसतो. शेजारीण म्हणाली, हेमांगी माझ्यापासून तीन टप्प्यांवर, की ही आपल्याकडे चार लिहिते."

"म्हणजे आमच्या बाजारातल्या बायांसारखं. बघितलेलं कोणी नाही, सांगतात सगळ्या."

"तसंच. आता मूळ बाईच नाहीशी झाली. पहिली दुसरीला विचारते, हेमांगी कुठे? दुसरी म्हणते, चारावर. तिने ते पहिलीकडूनच ऐकलेलं असतं. पहिलीला ते कळत नाही, ती पाच लिहिते. मग दुसरी सहा. आकडा वाढत जातो आणि बाई कुठेच नसते."

"हे थांबवायची काही सोय नव्हती, बाई?"

"होती. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पट्टी शेवटची हाळी देते: 'जाते'. ती ऐकली की सगळ्या पट्ट्या नाव खोडतात. पण तुमच्या नियंत्रकात तिथे 'येते' आहे."

तो बदल मोरेश्वरनेच केला होता. आंघोळीला पट्टी काढली तरी तराफाभर आवाज घुमायचा, 'यशोदा जाते', 'कमळी जाते'. म्हाताऱ्या बोटं मोडायच्या. सगळ्यात जास्त भांडली होती हेमांगी. "घराबाहेर पडताना जाते म्हणतं का कोणी? येते करा." त्याने केलं. नियंत्रकाला रीतभात कुठली कळायला! माणूस परत येणार आहे, वाट राखून ठेवा, एवढंच तो समजला.

"शब्द बदलायला तुमचा अंगठा लागेल," मृणाल म्हणाल्या. "पण बदलला की आजवर अडकलेली सगळी 'येते' तपासली जातील, नाडी परत लागली का ते बघून."

"हिचं नाव?"

"जाईल."

आकडा तेव्हा तीनशे बारा होता. त्या मंगळवारी त्याने तिला विचारलं होतं, तांदळाचं पीठ कुठल्या डब्यात आहे? त्या निरोपापुढे अजून लिहिलेलं होतं: वाटेत आहे.

"हिचं एकटीचं राहू दे ना. कोणाचं काय बिघडतं?"

"उद्या आणखी कोणी पाण्यात पडलं, तर चार दिवस पुन्हा आकडाच बघत बसायचं का, काका?"

मग त्याने अंगठा ठेवला.

हेमांगीचं नाव गेलं. पिठाचा निरोप परत आला: पोचला नाही. त्याने तो वाचला, आणि डोळे पुसतो तोच खाली आणखी एक नाव गेलं. मग दुसरं. हेमांगीखेरीज एकूण सहा.

"ही कोण माणसं?" मृणालनी हळूच विचारलं.

"लांबच्या तराफ्यांवर कामाला गेलेली." मोरेश्वर म्हणाला. "ह्या दिगंबरची आई कालच सांगत होती, पोरगा पार पुढे पोचला म्हणून. आकडा वाढतोय, म्हणत होती."

नक्की काय झालं, ते पडदा सांगू शकत नव्हता. नाडी लागत नव्हती, एवढंच. दोघं होडी घेऊन घरोघरी सांगायला निघाले. दिवस मावळेपर्यंत चार घरी सांगून झालं. दोन घरी सांगायचं राहिलं.