चाळीस लिटर समुद्र

चष्म्याचं दुकान जेवणासाठी बंद होतं, म्हणून ती शेजारच्या दुकानात शिरली. आयुष्यातले मोठे निर्णय माणूस बहुधा असेच घेतो. नंतर सांगताना मात्र 'मला आतून वाटलं' असं सांगतो. तिला आतून काहीही वाटलं नव्हतं. बाहेर ऊन होतं आणि आत पंखा होता.

दुकानात अंधार होता आणि अंधारात एक हजार लिटरची काचेची टाकी उजळलेली होती. आत निळ्या उजेडात शेकडो बारीक बोटं हलत होती... केशरी, जांभळी, पोपटी. वाऱ्यावर हलावीत तशी, पण आत वारा नव्हता. ती काचेला नाक लावणार एवढ्यात मागून आवाज आला.

"हात लावू नका."

"मी लावत नव्हते."

"लावणार होतात."

हे खरं होतं, त्यामुळे तिला राग आला. तिने वळून पाहिलं. एक बाही खांद्यापर्यंत वर सारलेली, ती पूर्ण ओली. दंडावर वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ. तिशी ओलांडलेला दुकानदार. चेहरा असा, की कुठेतरी गॅस चालू राहिल्याचं आत्ताच आठवलं असावं.

"ही झाडं आहेत?"

"प्राणी. प्रवाळ."

"जिवंत?"

"सध्या."

ते 'सध्या' तिला फार आवडलं. औषधांच्या खोक्यात घडी घालून एक चिठ्ठी ठेवलेली असते आणि ती कोणीच वाचत नाही. ती छापण्याआधी वाचणं ही तिची नोकरी होती. 'क्वचित चक्कर येणे', 'अतिक्वचित शुद्ध हरपणे' असं दिवसभर तपासून संध्याकाळपर्यंत त्यातल्या निदान दोन गोष्टी तिला व्हायला लागत. घरचे, ऑफिसातले, डॉक्टर, सगळे तिला 'काही होत नाही गं' म्हणत. हा पहिला माणूस काही होऊ शकतं हे मान्य करत होता.

"मला असं हवंय," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

"नाही मिळणार. घरी पाणी आहे?"

"सकाळी येतं की नळाला."

"ते नाही हो. समुद्राचं. आधी पाणी पाळायचं. मग दगड. महिना-दोन महिने नुसतं बघत बसायचं. दिसत काही नाही, पण आत बरंच चाललेलं असतं."

"आणि मासे?"

"माशांचं नावही काढायचं नाही."

गिऱ्हाइकाला इतक्या तळमळीने परत पाठवणारा दुकानदार तिने पाहिला नव्हता. चष्मा राहिला तो राहिलाच.

पुढच्या रविवारी दिवाणखान्यातल्या कपाटावर चाळीस लिटरची टाकी आली. शुद्ध केलेलं पाणी, त्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ, एक हीटर, लाटा करणारा बोटाएवढा पंप. आणि दुकानदाराने स्वतःच्या मोठ्या टाकीतून काढून, ओल्या कागदात गुंडाळून दिलेले चार भोकाभोकांचे दगड. "हे जिवंत आहेत," त्याने बजावलं होतं. "आत काय काय राहतं. उन्हात नेऊ नका." तिने ते दगड रिक्षात मांडीवर धरून आणले आणि वाटेत दोनदा त्यांची विचारपूस केली.

आई चष्मा सावरत टाकीसमोर बसली.

"मासे कुठायत?"

"यायचेत."

"मग हे काय?"

"दगड."

"दगड पाळलेस?" आईने उसासा सोडला. "मावशीला काय सांगू? मुलगी काय करते म्हणून विचारते ती."

ज्या वयात चारचौघींच्या मुली नवरे निवडतात त्या वयात आपली मुलगी दगड निवडून आणते, हे आईने त्यानंतर फार मनाला लावून घेतलं नाही. पण मावशीचा फोन मात्र ती स्वयंपाकघरात जाऊन घ्यायला लागली.

खरी काळजी पाण्याची होती. दगडांबरोबर आलेलं काहीबाही मरतं, कुजतं, त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनियात मासा तासाभरात जातो. मग अमोनिया खाणारे जंतू हळूहळू वाढतात. ते पुरेसे झाले की पाणी तयार. ते तयार झालं का, हे कळायला दर गुरुवारी एका बाटलीत थोडं पाणी घेऊन दुकानात यायचं, असं दुकानदाराने सांगितलं. तो ते काचेच्या नळीत ओतून त्यात कसलेसे थेंब टाकी. हिरवं झालं तर नापास, पिवळं राहिलं तर पास. रंग चढायला पाच मिनिटं लागत.

त्या पाच मिनिटांत दुसरं करण्यासारखं काही नसे.

"चाळीस लिटर, डोळे का सुजलेत?" दुसऱ्या गुरुवारी त्याने विचारलं. तो गिऱ्हाइकांना टाकीच्या मापानेच ओळखायचा. कोपऱ्यावरचे दाताचे डॉक्टर 'तीनशे लिटर' होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"झोप नाही. पंप थांबला तर?"

"थांबत नाही."

"पण थांबला तर?"

"तर मला फोन करा."

"तुम्ही झोपला असाल."

"कसला झोपतोय," तो नळीतल्या पाण्याकडे बघत म्हणाला. "माझे अकरा पंप आहेत."

कोणाचा जीव कशावर जडेल ते सांगता येत नाही. तिचा त्या अकरा पंपांवर जडला.

तिसऱ्या गुरुवारी ती निळा कुर्ता घालून गेली. "आज रंग..." तो म्हणाला, आणि तिच्या कानापर्यंत लाली चढली. "...फिकट वाटतोय हिरवा," त्याने वाक्य पूर्ण केलं. मग नळी खाली ठेवून, तिच्याकडे न बघता पुढे म्हणाला, "कुर्त्याचा नाही. तो ठीक आहे." घरी येईपर्यंत तिने त्या 'ठीक'चे सगळे संभाव्य परिणाम तपासून पाहिले. क्वचित, अतिक्वचित, सगळे.

आणि चौथ्या गुरुवारी पाणी जवळजवळ पिवळं राहिलं.

"झालं की!" दुकानदार चक्क हसला. हसला की तो दहा वर्षांनी लहान दिसे. "पुढच्या गुरुवारी नक्की पास. मग एक गोगलगाय न्या, मग एखादा मासा. मग काय... महिन्यातून एकदा आलात तरी पुरे."

महिन्यातून एकदा.

ती घरी आली. टाकीसमोर उभी राहिली. पाणी स्वच्छ, शहाणं, आज्ञाधारक होतं. पंप गुणगुणत होता. वर्षाचे बारा महिने, महिन्याची पाच मिनिटं, म्हणजे वर्षाला एक तास. छातीत धडधडायला लागलं. ती स्वयंपाकघरात गेली, फ्रीजरमधून एक कोळंबी काढली, सोलली, तिचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा मागच्या दगडाच्या भोकात असा खुपसला, की समोरून दिसू नये.

पाचव्या गुरुवारी पाणी शेवाळासारखं हिरवं झालं.

दुकानदाराने नळी उजेडात धरली. पुन्हा थेंब टाकले. पुन्हा पाच मिनिटं. त्या गुरुवारी त्यांना दहा मिनिटं मिळाली, आणि पापाचं फळ इतकं गोड असल्यावर माणूस सुधारणार कसा?

"निम्मं पाणी बदला," तो म्हणाला. तिने बदललं. मग उरलेला तुकडा टाकला.

सहाव्या गुरुवारी तो हसला नाही. पंपाविषयी बोलला नाही. "काही टाकलं तर नाही ना आत?" त्याने विचारलं. सांगण्याची वेळ तीच होती. तिने तोंड उघडलंही.

"नाही," ती म्हणाली, आणि त्या आठवड्यात आणखी दोन कोळंब्या त्याच भोकात गेल्या.

सातव्या गुरुवारी तो नळीकडे फार वेळ बघत राहिला.

"चूक तुमची नाही," तो शेवटी म्हणाला. "दगड माझा आहे. माझ्या टाकीतला. तुमच्याकडे सात आठवडे अमोनिया हटत नाही, म्हणजे दगडातच काहीतरी आतून कुजतंय. माझ्याकडे पाणी हजार लिटर, म्हणून कळत नाही. जेव्हा कळेल तेव्हा सगळं गेलेलं असेल."

"मग?"

"रविवारी मोठी टाकी उपसतोय. सगळे दगड बाहेर."

"आणि... ती प्रवाळं?"

"चिकटलीयत दगडाला. सहा वर्षं वाढलीयत. काही निघतील, काही तुटतील." त्याने बाही खाली केली. "तुम्हाला आधीच खराब माल दिला. माफ करा मला."

तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात तीनशे लिटर आत आले आणि माशाच्या शेपटीवरचा पांढरा ठिपका फोनवर दाखवायला लागले. ती बाहेर पडली. पळाली म्हटलं तरी चालेल.

शुक्रवारी तिने फोन करायचं ठरवलं. काय सांगणार? 'मी तुम्हाला भेटायला कोळंबी कुजवली.' असं वाक्य ऐकून कोणता शहाणा माणूस दार उघडं ठेवेल? शनिवारी तिने ऑफिसात 'तीव्र मळमळ' हे दोन शब्द चाळीस मिनिटं तपासले. सांगितलं तर तो जाईल. नाही सांगितलं तर तो राहील... आणि त्याची टाकी जाईल. हिशेब सरळ होता. तो सरळ होता म्हणूनच तिला जेवण जाईना.

रविवारी सकाळी आई फ्रीजर उघडून उभी होती.

"कोळंबीतल्या तीन कुठे गेल्या गं? मी मोजून ठेवल्या होत्या."

"दगडात."

आईने तिच्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, फ्रीजर बंद केला. "त्या पाणीवाल्यासाठी?"

"तुला कसं कळलं?"

"दर गुरुवारी केस धुतेस. दगडांसाठी कोणी केस धुतं होय?" आई म्हणाली. "जा. जाऊन सांग त्याला. चपला घाल आधी."

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. ती वाकून आत शिरली. जमिनीवर पाण्याने भरलेले टब, टबांत हीटर, वायरींचं जाळं. मोठ्या टाकीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं. दुकानदार स्टुलावर चढून दोन्ही हात आत घालून एक दगड हलवत होता.

"थांबा!"

तो दचकला. आत काहीतरी काडकन मोडलं. केशरी बोटांचा एक फाटा तळाशी गेला.

"मीच टाकली," ती म्हणाली. श्वास लागला होता, त्यामुळे शब्द तुटक तुटक येत होते. "कोळंबी. दगडात. सोलून. अर्धी अर्धी. तुमच्या दगडाला काही झालेलं नाही. पाणी चौथ्याच आठवड्यात झालं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

त्याने हात बाहेर काढले. कोपरांवरून पाणी ठिबकत राहिलं.

"किती?"

"तीन. चौथ्या आठवड्यापासून."

"सोललेल्या?"

"सोललेल्या."

"का?"

"पाणी पास झालं असतं तर मी गुरुवारी कशाला आले असते?" तिने डोळे मिटून घेतले. "महिन्यातून एकदा म्हणालात तुम्ही. मला नसतं जमलं ते."

तिने डोळे उघडले तेव्हा तो स्टुलावर बसला होता आणि तळाशी पडलेल्या त्या केशरी तुकड्याकडे बघत होता.

"तीन आठवडे मी दगडांना शिव्या देतोय," तो हळूच म्हणाला. "त्यांची काही चूक नव्हती."

"नाही."

"मला राग आलाय."

"किती?"

त्याने खरोखर विचार केला. "उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल इतका." मग बाही वर सारली. "आत्ता पाणी परत भरायचंय. एकट्याने होत नाही. ती बादली इकडे द्या. सांडू नका."

त्यांनी दुपारपर्यंत पाणी भरलं. तिने न विचारता बावीस बादल्या दिल्या, आणि प्रत्येक बादली देताना तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर जाई. राग किती उरलाय ते बघायला. तेराव्या बादलीपासून तिला काही कळेनासं झालं. तुटलेला तुकडा त्याने एका लहानशा दगडाला चिकटवला. "जगेल?" तिने विचारलं. त्याने तो दगड टाकीत ठेवला आणि पाठ फिरवून हात पुसले. तेव्हा मात्र तिला रडू आलं.

सोमवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. आई उठायच्या आत तिने दार उघडलं. दुकानदार, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, बगलेत एक खोका.

"निम्मं पाणी बदलायचंय," तो म्हणाला. "कोळंबी कुठल्या भोकात आहे?"

तिने दाखवलं. त्याने लांब चिमट्याने ते पांढरट लडबडीत काहीतरी बाहेर काढलं आणि कागदात गुंडाळलं. दुर्गंधी अशी पसरली की आईने पदर नाकाला लावला. दोघांनी मिळून पाणी बदललं. मग त्याने खोका तिच्यासमोर ठेवला. आत थेंबांच्या बाटल्या, काचेच्या नळ्या, रंगांचा तक्ता.

"हे घरी तपासायचं असतं," तो म्हणाला. "सगळ्यांना पहिल्याच दिवशी देतो."

"मग मला का नाही दिलं?"

"माळ्यावर होतं. शिडी सापडत नव्हती."

"सात आठवडे?"

दुकानदाराने टाकीतल्या दगडांकडे पाहिलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"शिडी मीच लपवली होती," तो म्हणाला.

ती हसली. गेल्या सात आठवड्यांत पहिल्यांदाच, पोटापासून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याचा चेहराही हळूहळू सैल होत गेला.

"काय हो," आई खुर्चीतून म्हणाली, "आता तरी मासे येणार का?"

"घाई नको. तीन आठवडे तरी लागतील."

"म्हणजे तीन आठवडे तुम्ही येणार."

"हो. म्हणजे... चालणार असेल तर."

आईने मुलीकडे पाहिलं. मुलीचे हात ओले होते, कपाळावर मीठ लागलं होतं, आणि छातीतली धडधड जराही कमी झालेली नव्हती. आता फक्त तिची भीती वाटत नव्हती.

"तीन पुरायचे नाहीत," ती म्हणाली.