ठमाबाईचं लंघन

पाच दिवस जिच्या पोटात अन्नाचा कण गेलेला नाही, त्या मांजरीच्या यकृतात एवढी चरबी आली कुठून?

शुक्रवारी सकाळी शमी नार्वेकर या प्रश्नाकडे बघत उभी होती. बघत म्हणजे अगदी डोळ्यांनी, कारण प्रश्न समोरच्या पडद्यावरच होता. करड्या रंगाचं एक चित्र आणि त्यात पांढराफटक दिसणारा एक मोठा गोळा. ते ठमाबाईचं यकृत होतं. खुद्द ठमाबाई टेबलावर जुन्या पंचावर आडवी पडली होती. पंधरा वर्षांची, साडेपाच किलोंची, अख्ख्या जलवस्तीला धाकात ठेवणारी मांजर, आणि आज तिला मान उचलवत नव्हती. हळदीचं बोट फिरवावं तशी तिच्या कानांची आतली बाजू पिवळी दिसत होती.

"यकृत चरबीने भरलेले आहे. प्राणी पाच दिवस उपाशी आहे. दोन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या कशा, याचा खुलासा माझ्याकडे उपलब्ध नाही," कारकून म्हणाला.

कारकून म्हणजे घरातला यंत्रमानव. त्याचं खरं नाव म्हणजे एक लांबलचक आकडा होता. पण तो उठता-बसता नोंदी करतो आणि सरकारी कागदासारखा बोलतो, म्हणून शमीच्या आईने त्याला कारकून म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. त्याच्या उजव्या तळव्यात ध्वनिचित्रक (कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी शरीरात सोडून, त्यांच्या पडसादांवरून आतलं चित्र काढणारं उपकरण) बसवलेला होता. एरवी तो हात पोळ्या लाटायचा.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटर आत ही जलवस्ती तरंगत होती. बावीस घरं, आणि भोवती समुद्रातल्या शेवाळाची शेती. शेवाळ कापायचं, वाळवायचं, गोण्यांत भरून मालबोटीने किनाऱ्याला पाठवायचं, हा वस्तीचा उद्योग. वाळवणाच्या शेडमध्ये उंदीर फार, म्हणून वस्तीने अकरा मांजरं पाळली होती. ठमाबाई त्यातली पहिली. ती शमीहून चार वर्षांनी मोठी होती आणि हे ती शमीला कधी विसरू देत नसे.

सगळं सुरू झालं सोमवारी. ठमाबाईने कुठून तरी बांगड्याची शिळी डोकी पळवून खाल्ली आणि दोनदा ओकली. शमीचे आईबाबा कामासाठी किनाऱ्यावर गेले होते आणि वादळी वाऱ्यामुळे तिकडेच अडकले होते. घरात मोठं माणूस एकच, आबा.

आबा म्हणजे शमीचे आजोबा, डॉ. जयवंत नार्वेकर. वस्ती ज्या शेवाळावर जगत होती, ते खाऱ्या पाण्यात झपाट्याने वाढवायची युक्ती त्यांचीच. पण घरात कुणाला काही झालं, की या एवढ्या शास्त्रज्ञाचं सगळं शास्त्र एका शब्दात संपायचं. लंघन (पोटाला आराम म्हणून मुद्दाम उपाशी राहणं). ताप आला, करा लंघन. पोट बिघडलं, करा लंघन. शमीला गणिताचा कंटाळा आला तेव्हाही आबांनी लंघन सुचवलं होतं, आणि तिचा कंटाळा पाच मिनिटांत पळाला होता.

"दोन दिवस काही देऊ नको तिला. पोट आपोआप जाग्यावर येईल," आबा म्हणाले.

शमीने ते काम भलतंच मनावर घेतलं. लाल शाईने पाटी रंगवून तिने स्वयंपाकघराच्या दाराला टांगली: 'लंघन चालू आहे. ठमाबाईला कोणीही काहीही देऊ नये. हुकमावरून.' मंगळवारी ठमाबाई त्या दाराशी बसून दिवसभर ओरडली, आणि शमीने तिच्या नाकासमोर दार लावून घेतलं. एकदा नव्हे, चार वेळा. बुधवारी ती ओरडली नाही. "बघ, पोट शांत झालं," आबा म्हणाले. संध्याकाळी मासा पुढे ठेवला, तर तिने हुंगून तोंड फिरवलं. "शरीराला हवं होईल तेव्हा शरीर मागेल, बाय." गुरुवारी ती कोपऱ्यात बसून घुरघुरत राहिली. शमीला वाटलं, खुशीत आहे. शुक्रवारी कान पिवळे.

पडद्यावर वेंगुर्ल्याच्या पशुवैद्य डॉ. रेहाना सोलकर आल्या. वाऱ्यामुळे चित्र सारखं तुटत होतं.

"घुरघुरते म्हणजे खुशीत आहे असं नाही गं. दुखत असलं तरी मांजरं घुरघुरतात. उपाशी कोणी ठेवलं हिला?"

शमीने खाली बघितलं. दार तिने लावलं होतं.

"मी," आबा म्हणाले. "पोरीचा दोष नाही. मी सांगितलं."

डॉक्टरांनी रागावायलाही वेळ घालवला नाही. "ऐका. बोटी बंद, उडती वाहनं बंद. मंगळवारच्या आत मला येता येत नाही. तोवर तुम्हीच तिला वाचवायचं. कारकून, प्राण्यांच्या औषधपेटीत नाकातून घालायची बारीक नळी आहे. ती पोटापर्यंत सोडायची. त्याच पेटीत पातळ अन्नाच्या पिशव्या आहेत. दर चार तासांनी नऊ मिलिलिटर. नऊच. आणि तिच्या रक्तातल्या पित्तरंगाचा (पित्तातलं पिवळं द्रव्य, जे यकृताने बाहेर टाकायचं असतं) आकडा रोज बघायचा. कारकुनाच्या नोंदीत आज सहा आहे. नऊच्या वर गेला तर…"

"तर काय?" शमीने विचारलं.

"तर इथे बसून माझ्या हातात काही राहणार नाही."

शमीने ठमाबाईला पंचात गुंडाळून छातीशी धरलं. कारकुनाने पोळ्या लाटणाऱ्या त्याच हाताने अगदी अलगद नळी आत सरकवली. ठमाबाईने एकच पंजा उगारला आणि अर्ध्यात खाली टाकला. तिची ती नेहमीची ओरबाडायची ताकदही गेलेली बघून शमीला रडू फुटलं. नळी बरोबर पोटात पोचल्याचं डॉक्टरांनी चित्रात पाहिलं, "आता कारण सांगते," म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला. वाऱ्याने वस्तीच्या संपर्क-मनोऱ्याची तबकडी फिरवली होती. कारकुनाच्या हाती त्यांच्या चिठ्ठीच्या दोनच ओळी लागल्या: 'मांजराचं यकृत प्रथिनं जाळायचं थांबत नाही. प्रथिनं नसली की चरबी यकृतातून बाहेर पडत नाही.'

पहिले नऊ मिलिलिटर पोटात गेल्यावर शमी खिडकीशी जाऊन बसली. बाहेर धक्क्यावर गोण्याच गोण्या दिसत होत्या. शेडमधून माणसं गोण्या आणतच होती, कारण शेडचं छत गळत होतं, आणि मालबोट पाच दिवस आलेली नव्हती. गोण्या धक्क्यावरून वाटेवर आल्या होत्या. वाळलेलं शेवाळ दळायच्या गिरणीच्या दारातही आल्या होत्या. गिरणी बंद पडली होती, कारण आत शिरायलाच जागा नव्हती.

"आबा, आपण उपाशी राहिलो की शरीर काय खातं?"

"स्वतःच्या साठ्यातली चरबी. कातडीखाली, पोटावर साठवलेली असते. शरीर ती सुटी करतं आणि रक्तातून यकृताकडे पाठवतं."

"आणि यकृत?"

"थोडी जाळतं. उरलेली प्रथिनांच्या (मासे, डाळ, अंडी यांतून मिळणारा, शरीर घडवणारा पदार्थ) वेष्टनात बांधून पुढे शरीराला पाठवतं. चरबी रक्तात नुसती विरघळत नाही ना, तिला वाहून न्यायला काहीतरी लागतं."

"म्हणजे बोट लागते," शमी म्हणाली.

आबांनीही धक्क्याकडे बघितलं.

"शेड म्हणजे ठमाचा चरबीचा साठा," शमी बोटाने दाखवत घाईघाईने बोलू लागली. "उपास झाला, शेडमधून गोण्या निघाल्या. धक्का म्हणजे यकृत. आणि बोटी प्रथिनांच्या. पण प्रथिनं जेवणातून येतात, आणि जेवण आपण बंद केलं! म्हणून बोटी नाहीत. गोण्या येतायत, जात नाहीत. ती चरबी बाहेरून आलीच नाही आबा, तिची स्वतःचीच आहे!"

"पण मग माझ्या लंघनात माझं यकृत का नाही भरत?" आबा स्वतःलाच विचारल्यासारखे म्हणाले, आणि त्यांनी चिठ्ठीची पहिली ओळ पुन्हा वाचली. "हं. माणसाचं शरीर अडचणीत काटकसर करतं, प्रथिनं राखून ठेवतं. मांजराच्या पूर्वजांनी लाखो वर्षं फक्त मांस खाल्लं. प्रथिनं रोज मिळणारच, म्हणून ती रोज जाळायची. त्या यकृताला काटकसर शिकायची वेळच आली नाही. उपासातही ते प्रथिनं जाळतच राहतं. बोटी फोडून चुलीत घालावं तसं."

"आणि धक्का भरला की गिरणी बंद, तसं यकृताचं बाकीचं कामही बंद. म्हणून पित्त तुंबलं, म्हणून ती पिवळी झाली."

"आणि यकृत बिघडलं की मळमळतं, भूक मरते. मग ती आणखी खात नाही, मग आणखी गोण्या." आबांनी चिठ्ठी खाली ठेवली. "मी म्हणत होतो, शरीर मागेल. ते मागूच शकत नव्हतं गं. जेव्हा मागत होतं, तेव्हा आपण दार लावलं."

शनिवारी सकाळी आकडा सात पूर्णांक चार झाला.

आबांनी तो वाचला आणि पिचकारीत अन्न भरायला घेतलं. दहा, वीस, तीस. शमीने बघितलं आणि त्यांचं मनगट धरलं.

"नऊच, आबा."

"अगो, मरतेय ती भुकेने! मी उपाशी मारलंय तिला. बोटी हव्यात म्हणालीस ना? मग भरपूर बोटी देऊ."

"डॉक्टर नऊ म्हणाल्यात. दोनदा म्हणाल्यात."

"कारण कुठे सांगितलंय त्यांनी?"

"लंघनाचं कारण तरी तुम्ही कुठे विचारलं होतं?"

आबांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. कारकुनानेही नोंद केली नाही. आबांनी पिचकारी टेबलावर ठेवली, चष्मा काढला, पुसला. मग त्यांनी जादा अन्न पुन्हा भांड्यात ओतलं आणि नऊच्या रेघेवर बोट ठेवून पिचकारी शमीच्या हातात दिली. "तू दे. माझ्या हाताचा भरवसा नाही."

रविवारी आकडा सात पूर्णांक सहा. ठमाबाई एकदा ओकली आणि शमीला वाटलं, संपलं. अन्न कोमट करून, थेंबाथेंबाने, वीस मिनिटं लावून तिने नऊ मिलिलिटर दिले. आबा शेजारी घड्याळ धरून बसले होते. दुपारी पडदा एकदाचा जिवंत झाला आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "जास्त तर नाही दिलं?"

"नाही," शमी म्हणाली.

"शाब्बास. उपाशी शरीरात एकदम अन्न ओतलं, की पेशी (शरीराचे सूक्ष्म घटक) अधाशासारख्या कामाला लागतात आणि रक्तातले महत्त्वाचे क्षार ओढून घेतात. क्षार एकाएकी घटले की हृदय बंद पडू शकतं. आता क्षार ठीक दिसतायत. उद्यापासून अठरा करा."

आबांनी शमीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सोमवारी सकाळी कारकुनाने ठमाबाईच्या कानातून रक्ताचा थेंब घेतला. शमीने डोळे मिटून घेतले.

"सहा पूर्णांक नऊ," कारकून म्हणाला. थोडं थांबून त्याने विचारलं, "आनंद व्यक्त करण्याची परवानगी आहे का?"

मंगळवारी वारा पडला. पहिल्या बोटीने डॉक्टर आल्या, शिरेतून औषधं दिली, आणि जाताना बजावून गेल्या, की यकृताचा धक्का रिकामा व्हायला आठवडे लागतात. लागलेच. नळी तीन आठवडे उलटले तरी राहिली. कान आधी पिवळे, मग पिवळसर, मग एका सकाळी गुलाबी दिसले. ठमाबाईचं वजन पावणेपाचवर आलं होतं आणि ती चालताना जराशी डुलायची. पण स्वतःहून ती काही खाईना. रोज बशी ठेवायची, रोज तशीच उचलायची. त्या बशीने शमीची झोप उडवली होती.

चौथ्या आठवड्यातल्या एका दुपारी आबा ओट्याशी बांगडे साफ करत होते. दार वाऱ्याने लोटलं गेलं होतं. आणि दाराबाहेरून आवाज आला. खरखरीत, चिडका, मालकिणीचा.

शमी धावली ती खुर्ची पाडूनच. तिने दार उघडलं. ठमाबाई नाकात नळी मिरवत आत आली, आबांच्या पायाशी बसली आणि पुन्हा ओरडली. आबांनी बांगड्याचा ताजा, काटे काढलेला तुकडा खाली ठेवला. तिने तो हुंगला. मग तिने तो खाल्ला. खाऊन झाल्यावर फरशीही चाटली. शमी तिथेच खाली बसून हुंदके देऊन रडली आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

डोळे पुसल्यावर तिने दारावरची लाल पाटी काढली. "कारकून, नवा नियम लिही. अकराही मांजरांच्या बशांखाली वजनकाटे बसवायचे. जे मांजर एक दिवस जेवणार नाही, त्याची खबर थेट डॉक्टरांना. आपण सगळ्या बोटींवर, सगळ्या बंदरांत पाठवू हे. पुढे कुणी मंगळावर मांजर नेलं, तर तिथेही चालेल."

"नोंद घेण्यात आली आहे. आबासाहेबांचा आदेश याविरुद्ध असल्यास काय करावे?"

"आबासाहेबांचं ऐकायचं नाही."

"मंजूर," आबा ओट्यापासून म्हणाले. त्यांची पाठ तिच्याकडे होती, पण ते दुसरा तुकडा कापत होते, कारण पायाशी ठमाबाई पुन्हा ओरडायला लागली होती.